गावाचा रक्तदाब आटोक्यात आणायचा तर: आशा, उपकेंद्र आणि ग्रामपंचायतीसाठी कामाची पद्धत

गावात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका कमी करायचा म्हटलं की बहुतेकांना आधी शिबिर सुचतं. मंडप, बॅनर, एका दिवसात तीनशे जणांची तपासणी, फोटो. त्यातल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब जास्त निघतो, त्यांना 'डॉक्टरांना दाखवून घ्या' असं सांगितलं जातं आणि काम तिथंच थांबतं. शिबिरात रक्तदाब सापडतो, पण उतरत नाही. तो उतरायला त्याच माणसाच्या हातात दर महिन्याला गोळ्या पडाव्या लागतात, आणि तो आला नाही तर कुणीतरी त्याच्या दारात जावं लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

हा आजार आता शहरापुरता उरलेला नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पक्षाघात हे सगळ्यात मोठं कारण निघालं. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. या उपक्रमात नवं यंत्र किंवा नवी गोळी नव्हती. सगळ्यांसाठी एकच उपचारपद्धती, गोळ्यांचा न तुटणारा साठा, नर्स आणि आशांना वाटून दिलेलं काम, रुग्णाच्या घराजवळ औषध आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्यावर तो उभा आहे. कोणत्याही उपकेंद्राला हे जमू शकतं.

आधी यादी

एका आशाकडे साधारण हजार लोकवस्ती असते, आदिवासी पाड्यांवर त्याहून कमी. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजणारा छोटा अर्ज, भरायचा. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा इतिहास यांना गुण असतात. बेरीज ४ पेक्षा जास्त आली तर त्या व्यक्तीला तपासणीला आधी बोलवायचं. पण ४ किंवा कमी गुण आले म्हणून कुणाला सोडायचं नाही. तीसच्या वरच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचाच असतो, गुणांनी फक्त क्रम ठरतो.

हा फॉर्म दोन ठिकाणी हमखास चुकतो.

पहिलं ठिकाण तंबाखूचा प्रश्न. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की बहुतेक बायका नाही म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. म्हणून असं विचारा: 'मावशी, दात कशाने घासता?' उत्तर 'मिश्रीने' आलं की पुढचा प्रश्न, 'दिवसातून किती वेळा लावता?' सकाळी, जेवणानंतर, दुपारी काम उरकल्यावर आणि झोपताना असं चार-पाच वेळा सहज निघतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिची नोंद 'रोज' अशीच करायची. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, गुटखा, चुना-तंबाखू, बिडी अशी एकेक नावं घेऊन विचारा.

दुसरं ठिकाण कंबर. टेप शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये धरायचा, श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. साडीच्या निऱ्यांवरून टेप गेला तर काही सेंटिमीटर फुकटचे वाढतात, आणि पुरुषांची पँट पोटाखाली असते म्हणून पट्ट्यावरून घेतलेलं माप कमी येतं. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर गेलं की गुण सुरू होतात.

यादी पुरी झाली की पुरुष किती आहेत ते मोजा. दिवसा घरोघरी गेलेल्या यादीत बायका आणि म्हातारी माणसं जास्त असतात. चाळिशी-पन्नाशीतले पुरुष शेतात, कारखान्यात किंवा रिक्षावर असतात, आणि हृदयविकाराचा झटका तरुण वयात याच गटाला जास्त गाठतो. त्यांच्यासाठी यंत्र घेऊन दूध डेअरीवर सकाळच्या संकलनाला, आठवडी बाजारात, रेशन दुकानासमोर किंवा संध्याकाळी पारावर बसा. शहरात संध्याकाळी उघडे असणारे पालिकेचे दवाखाने याच कामाला वापरता येतात.

रक्तदाब मोजणं

या पायरीवर वेळ घालवा. आकडा चुकला तर निरोगी माणसाला कायमची गोळी लागते किंवा आजारी माणूस खुशाल घरी जातो.

मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, बिडी, तंबाखू किंवा मिश्री झालेली नसावी. उन्हातून चालत आलेल्याला आधी पाणी द्या आणि बसवा. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा, कारण भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. मग खुर्चीवर पाठ टेकवून, दोन्ही पावलं जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटं शांत बसवायचं. उपकेंद्रात पाठ असलेली एक खुर्ची आणि हात ठेवायला टेबल नसेल तर ग्रामपंचायतीकडून मागून घ्या. स्टुलावर बसवून, हात लोंबता ठेवून घेतलेला रक्तदाब जास्तच येतो.

हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीवर, तळवा वर. यंत्राचा पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर, आत दोन बोटं जेमतेम शिरतील इतका घट्ट. पोलक्याची किंवा शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवली की ती दंडाला आवळते, म्हणून घट्ट बाही असेल तर हात बाहेर काढायला सांगा. बाईंना आडोसा हवा, त्यासाठी एक पडदा पुरतो.

पट्ट्याचं माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. नेहमीचा मोठ्यांचा पट्टा दंडाचा घेर २२ ते ३२ सेंमी असेल तेव्हाच चालतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा लागतो; लहान पट्टा जाड दंडावर खोटा जास्त आकडा दाखवतो, आणि काठीसारख्या दंडावर मोठा पट्टा खोटा कमी. टेपने दंड मोजून पट्टा निवडायला अर्धा मिनिटही लागत नाही. प्रत्येक उपकेंद्रात एक मोठा पट्टा असायलाच हवा.

मोजताना कुणीच बोलायचं नाही. 'गोळ्या चालू आहेत ना, काकू?' हा प्रश्न यंत्र बंद झाल्यावर विचारा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातात जास्त येईल तोच हात पुढे कायम वापरायचा आणि कार्डावर तसं लिहायचं. दर वेळी एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला आकडा बहुधा थोडा जास्त असतो. आकडे यंत्रावर दिसतात तसे लिहा. नोंदवहीत ओळीने १४०/९०, १३०/८०, १२०/८० दिसायला लागले की समजावं, कुणीतरी अंदाजाने लिहितंय.

वरचा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, आणि हे वेगवेगळ्या दोन दिवशी दिसलं तर उच्च रक्तदाब. दुसऱ्या तपासणीसाठी लांबची तारीख देऊ नका, आठवड्याच्या आत बोलवा. १८०/११० किंवा त्यावर आकडा असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. सोबत छातीत दुखणं, धाप, जोराची डोकेदुखी, नजर अंधुक होणं किंवा हातपाय लुळे पडणं असेल तर थेट १०८.

यंत्राचे सेल उतरले की आकडे भरकटतात. दर सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रातल्या दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहा. नाडी अनियमित असेल तर डिजिटल यंत्र 'एरर' दाखवतं किंवा दर वेळी वेगळा आकडा देतं. अशा माणसाला यंत्र बदलून सोडून देऊ नका, ईसीजीसाठी पाठवा.

साखर

ग्लुकोमीटरवर कधीही घेतलेली साखर १४० किंवा जास्त असेल तर ती संशयित धरून खात्रीच्या तपासणीला पाठवायचं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के आणि वर, हे मधुमेहाचे निकष. बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचा, दुखणं कमी होतं. हात साबणाने धुऊन कोरडे झाले पाहिजेत. गूळ, उसाचा रस किंवा आंबा हाताळलेल्या बोटावर साखर खोटी वाढते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा आणि डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. मार्च-एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत फिरलेल्या पट्ट्यांवर विसंबू नका.

कुणाला किती धोका

चाळिशीच्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे रंगीत तक्ते वापरता येतात. ते ४० ते ७४ वयासाठी आहेत आणि दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे, तोच घ्या. रक्ताची तपासणी नसेल तर वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि वजन-उंचीचं गुणोत्तर यांवरून पुढच्या दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात होण्याची शक्यता निघते: ५ टक्क्यांखाली हिरवा, मग पिवळा, केशरी, आणि २० टक्क्यांवर लाल. हा तक्ता ज्यांना झटका किंवा पक्षाघात होऊन गेलाय त्यांच्यासाठी नाही. ते आधीच सर्वाधिक धोक्याच्या गटात असतात.

तक्त्याचा खरा उपयोग डॉक्टरांना होतो. लाल रंगातल्यांना, चाळिशीवरच्या मधुमेहींना आणि झटका येऊन गेलेल्यांना रक्तदाबाच्या गोळीबरोबर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळीही सुरू करायची असते, आणि हेच राहून जातं. रक्तदाब उतरला की डॉक्टर आणि रुग्ण दोघंही समाधान मानतात. ॲस्पिरिनचं उलट आहे. झटका किंवा पक्षाघात कधीच झालेला नाही अशा माणसाने 'रक्त पातळ राहावं' म्हणून रोज ॲस्पिरिन घेऊ नये. पोटातल्या रक्तस्रावाचा धोका फायद्याला खाऊन टाकतो.

गोळी: सुरू करणं आणि वाढवणं

गोळी डॉक्टर सुरू करतात. पुढे दर महिन्याला ती देणं, मोजणं आणि आकडा खाली येत नसेल तर परत पाठवणं हे समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्यसेविकेचं काम. ठरलेल्या पद्धतीत सुरुवात बहुधा रोज अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने होते. महिन्याभराने १४०/९० च्या खाली आलं नाही तर पुढची पायरी. टेल्मिसार्टन ४० जोडायची की मात्रा वाढवायची, आणि क्लोरथॅलिडोन १२.५ कधी आणायची, हा क्रम राज्याच्या तक्त्यात ठरलेला असतो. तो तक्ता मोठ्या अक्षरात छापून टेबलासमोर चिकटवा. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या आवडीची गोळी लिहिली तर साठ्याचा हिशेब लागत नाही आणि बदली झाली की रुग्ण लटकतो.

मात्रा वाढवण्याआधी तीन प्रश्न विचारा. 'आज सकाळी गोळी घेतली का?' साखर तपासायची म्हणून उपाशी आलेली माणसं रक्तदाबाची गोळीही सोडून येतात. ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, हे तारीख देतानाच सांगा. 'या महिन्यात किती दिवस चुकल्या?' आणि रिकामं पाकीट दाखवायला सांगा. तिसरा प्रश्न, 'अंगदुखीसाठी काय घेता?' निंदणी-खुरपणीच्या दिवसांत कंबरदुखीवर डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि सुया सर्रास चालतात. त्यांनी रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि आपण मात्र रक्तदाबाची गोळी वाढवत बसतो. तिथं पॅरासिटामॉल सुचवा. या तिन्हींची उत्तरं नीट असतील आणि आकडा तरीही जास्त असेल, तर वाट न पाहता पायरी चढा. 'जरासाच जास्त आहे, पुढच्या महिन्यात बघू' असं महिनोन्‌महिने चाललेलं सगळीकडे दिसतं.

अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते. रुग्णाला वाटतं किडनी गेली, आणि तो गोळी बंद करतो. ही शक्यता पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, सूज आली तर परत यायला सांगा, बदल करता येतो. टेल्मिसार्टन गरोदर बाईला आणि मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईला चालत नाही. हा प्रश्न आरोग्यसेविकेने एकटीला बाजूला घेऊन विचारावा. या गोळीवर असणाऱ्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम अधूनमधून तपासलं जावं. म्हाताऱ्या माणसाला गोळी वाढवल्यावर उभं करून पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडत असेल आणि चक्कर येत असेल तर डॉक्टरांना कळवा, नाहीतर रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं.

लक्ष्य साधारणपणे १४०/९० च्या खाली. ज्यांना आधी झटका येऊन गेलाय त्यांच्यात, आणि जास्त धोक्याच्या मधुमेहींमध्ये, वरचा आकडा १३० च्या खाली आणायचा प्रयत्न असतो.

माणूस परत येत नाही तेव्हा

रक्तदाबात काही दुखत नाही, म्हणून गोळी सोडल्यावरही काही जाणवत नाही. सुटण्याची कारणं बहुतेक गावांत सारखीच निघतात. 'आता नॉर्मल आलाय, मग कशाला घेऊ?' 'एकदा लागली की कायमची लागते म्हणतात.' 'गेल्या वेळी आले तर गोळ्याच नव्हत्या.' नवरात्राचे किंवा श्रावणातले उपवास. पेरणी. आणि मराठवाड्यात, नगर पट्ट्यात ऊसतोड.

पहिल्या आक्षेपावर एवढंच बोला: 'काका, गोळी चालू आहे म्हणून आकडा नॉर्मल आलाय. बंद केली की काही दिवसांत पुन्हा चढतो.' दुसऱ्यावर वाद घालू नका. गोळी बहुतेकांना दीर्घकाळ लागते हे खरं आहे, ते मान्य करा आणि लागण्याचं कारण आजार आहे, गोळीची सवय नव्हे, हे सांगा. उपवासाला गोळी चालते, तिच्यात अन्न नाही. रमजानमध्ये सहेरी किंवा इफ्तारच्या वेळेला बांधून द्या. अम्लोडिपिन शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे सकाळची गोळी संध्याकाळी आठवली तर तेव्हा घ्यावी; दुसऱ्या दिवशी मात्र दोन एकदम घेऊ नयेत.

ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची वेगळी यादी सप्टेंबरमध्येच करा. निघण्याआधी रक्तदाब मोजून, स्थिर असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. कार्डाचा फोटो त्यांच्या मोबाइलवर आणि टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाच्या मोबाइलवर ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तीच गोळी मिळते.

न आलेल्यांची यादी दर सोमवारी काढा. ठरलेल्या तारखेला आठवडा उलटला की समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी फोन करायचा. फोन लागला नाही किंवा फोननंतरही आठवड्यात माणूस आला नाही तर आशाने घरी जायचं. फोनवर दरडावू नका. 'दादा, तुमच्या गोळ्या संपल्या असतील, बुधवारी डॉक्टर आहेत, येता का?' असा सरळ निरोप पुरतो. नोंदणीच्या वेळी दोन मोबाइल नंबर घ्या, एक रुग्णाचा आणि एक मुलीचा किंवा सुनेचा. प्रत्यक्षात फोन तीच उचलते.

आणखी एक साधी गोष्ट. रक्तदाबाच्या रुग्णांना लसीकरणाच्या दिवशी बोलवू नका. रडणाऱ्या बाळांच्या रांगेत ना पाच मिनिटांची शांतता मिळते, ना आरोग्यसेविकेला वेळ.

मीठ, तेल, तंबाखू

'मीठ कमी खा' हा सल्ला कुणीच पाळत नाही, कारण कमी म्हणजे किती ते कळत नाही. हिशेब घराच्या पुडीवरून करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही वरची मर्यादा. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. घरी विचारा: 'ताई, किलोची पुडी किती दिवस पुरते?' चार माणसांत ती पन्नास दिवस पुरली पाहिजे. वीस दिवसांत संपत असेल तर दुपटीहून जास्त मीठ पोटात जातंय, आणि यात बाहेरचं फरसाण, वडापाव, बिस्किटं धरलेलीच नाहीत. (लोणचं, पापड, कुरडया घालायच्या महिन्यात हा हिशेब लागू होत नाही, तेव्हा विचारू नका.)

कपात कुठून करायची तेही घरातूनच ठरतं. भाताला आणि भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय असेल तर तिथून सुरुवात, कुणाला फरक कळत नाही. ताटात वरून मीठ वाढणं बंद. ठेचा, लोणचं, पापड यांपैकी एका जेवणाला एकच. कोकणात सुकट आणि खारवलेला मासा स्वयंपाकाआधी दोन पाण्यांतून काढा. सैंधव किंवा काळं मीठ घेतलं म्हणून सूट मिळत नाही, सोडियम त्यातही आहे. बाजारातलं पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाच्या आजारात आणि टेल्मिसार्टन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास. एकदा तळलेलं तेल पुन्हा तळणीला नको. उरलं तर एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून टाका. चालण्याचा सल्ला दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला देऊ नका, तिचा तो प्रश्न नाही. दुकानदार, शिक्षक, ट्रॅक्टर चालवणारे आणि निवृत्त माणसं यांना आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालायला सांगा.

तंबाखू सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड जातात: चिडचिड, डोकं धरणं, झोप न लागणं. हे होणार आणि महिनाभरात ओसरणार, हे आधी सांगितलेलं असलं तर माणूस टिकतो. सोडण्याची तारीख त्यालाच ठरवू द्या आणि तिसऱ्या दिवशी आठवणीने विचारपूस करा. तल्लफ काही मिनिटांत जाते, तेवढा वेळ काढायला बडीशेप, लवंग, पाण्याचा घोट. मिश्रीच्या जागी साधी दंतमंजन पावडर द्या, कारण हाताची आणि दातांची सवयही मोडायची असते. पण पुड्यावरचे घटक वाचा, काही लाल-काळ्या मंजनांत तंबाखू सापडलेली आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ मोफत आहे.

साठा आणि तिमाही हिशेब

समजा उपकेंद्रात ३०० रुग्ण अम्लोडिपिनवर आहेत. महिन्याला ९,००० गोळ्या, दहाच्या ९०० पट्ट्या. त्यातल्या १०० जणांना टेल्मिसार्टनही असेल तर ३,००० गोळ्या. हातात कायम तीन महिन्यांचा साठा हवा: २७,००० आणि ९,०००. नवीन रुग्ण वाढणार ते धरून मागणीत थोडी भर घाला. मागणी गेल्या महिन्याच्या वाटपावरून करू नका. गेल्या महिन्यात गोळ्याच संपल्या असतील तर वाटप कमी दिसतं आणि पुढची मागणीही कमी जाते. नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवरून करा. गोळ्या कमी पडत असतील तर प्रत्येकाला दहा-दहा दिवसांच्या वाटू नका. मजुरी बुडवून माणूस तीनदा येत नाही.

दर तिमाहीला मागच्या तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांचे तीन गट करा: या तिमाहीतला शेवटचा रक्तदाब १४०/९० च्या खाली, १४०/९० किंवा वर, आणि आलेच नाहीत. दुसरा गट मोठा असेल तर डॉक्टर पायरी चढत नाहीत किंवा गोळ्या घेतल्या जात नाहीत. तिसरा मोठा असेल तर सोमवारची यादी निघत नाही, किंवा साठा तुटला होता. दोन्हींचे इलाज वेगळे, म्हणून 'नियंत्रण ४५ टक्के' एवढ्या एका आकड्यावर बैठक संपवू नका. किती जणांना तपासलं हा आकडा ग्रामसभेत सांगितला जातो; त्याच्या शेजारी किती जणांचा आटोक्यात आहे हाही वाचून दाखवा.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं

एवढं करूनही काहींना झटका येणारच. छातीत आवळल्यासारखं किंवा ओझं ठेवल्यासारखं वाटणं, हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप. बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्यात छातीत न दुखता नुसती मळमळ, कमालीचा थकवा किंवा 'गॅस धरलाय' असंही होतं. सोडा किंवा ईनो पिऊन वाट बघण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ लावा. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्राव होत नसेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या, ७५ च्या गोळ्या असतील तर चार. छातीदुखीवरची जिभेखाली ठेवायची गोळी रक्तदाब न मोजता आपल्या मनाने देऊ नका. दवाखान्यात पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, आणि गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या काही तासांत जितकं लवकर तितकं उपयोगी.

तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात वर न राहणं, बोलणं अडखळणं हा पक्षाघात. इथं ॲस्पिरिन द्यायची नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. काहीही खायला-प्यायला देऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ विचारून कागदावर लिहा. गुठळीवरचं इंजेक्शन साडेचार तासांपर्यंतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

म्हणून उपकेंद्राच्या भिंतीवर एक कागद लावून ठेवा: सगळ्यात जवळ ईसीजी कुठे, गुठळी विरघळवणारं औषध कुठे मिळतं, सीटी स्कॅन रात्री कुठे चालू असतं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी कोणत्या रुग्णालयात होते, आणि त्या प्रत्येकाचा फोन. त्याखाली 'रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या' अशी ओळ. हा कागद दर सहा महिन्यांनी फोन करून तपासा, कारण यंत्रं बंद पडतात, तंत्रज्ञ बदलतात आणि रुग्णालयं योजनेतून बाहेरही पडतात.